तिमारपूरचे एकवीस दिवस आणि आपल्या डेपोवरचं धुराडं

मंडळी, पोस्ट मोठी झाली आहे. पण विषय आपल्या कचरा डेपोचा आहे आणि दोन ओळींत मावणारा नाही, म्हणून सवड काढून वाचा.

गेल्या महिन्यात नगरपरिषदेच्या सभागृहात एक सादरीकरण झालं. आपलं गाव आणि शेजारच्या चार नगरपरिषदा मिळून एक प्रकल्प करायचा: पाचही गावांचा कचरा आपल्या डेपोवर आणायचा, जाळायचा आणि त्यातून वीज काढायची. पडद्यावर हिरवळ, पांढरंशुभ्र धुराडं, मागे निळं आभाळ. धूर कुठेच नाही. नगरसेवकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून वहीत लिहीत होतो आणि लिहिता लिहिता थांबलो, कारण हीच वाक्यं मी पूर्वी एकदा लिहिली होती.

साल २००५. पत्रकारितेची पदविका घेऊन मी नुकताच तालुका बातमीदार झालो होतो. तेव्हाही एक कंपनी आली होती, तेव्हाही असंच चित्र होतं. कंपनीनं दिलेल्या प्रेसनोटवरून मी चार कॉलमी बातमी ठोकली. "कचऱ्यातून वीज, शहर होणार कचरामुक्त" हा मथळाही माझाच. एक प्रश्न विचारला नाही. पुढे कंपनी गेली, डेपोला घातलेली कंपाउंडची भिंत राहिली, तीही आता दोन ठिकाणी पडली आहे. नंतर बऱ्याच वर्षांनी मला कळलं की त्याच वर्षी, ६ मे २००५ ला, सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं होतं की अशा प्रकल्पांना नवीन अनुदान देणं थांबवा, आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या. देशाच्या राजधानीत हात पोळले होते म्हणून न्यायालय बोललं होतं, आणि मी इकडे मथळे सजवत होतो. म्हणून या वेळी आधी इतिहास वाचला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

कचरा जाळायची भट्टी ही काही नवी युक्ती नाही. १८७४ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात आल्फ्रेड फ्रायर नावाच्या माणसाच्या आराखड्यावर पहिली अशी भट्टी बांधली गेली. तिला नाव दिलं होतं 'डिस्ट्रक्टर'. पुढच्या तीसेक वर्षांत इंग्लंडभर अशा शेकडो भट्ट्या उभ्या राहिल्या. १८९२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलऱ्याची मोठी साथ आली, हजारो माणसं गेली, आणि आसपासचे गाववाले म्हणाले की शहराचा कचरा आता आमच्या शेतात नको. मग हॅम्बुर्गनंही इंग्रजी पद्धतीची भट्टी बांधली. (आपल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा मला हॅम्बुर्गचे शेतकरी आठवले. शहराची घाण शहराबाहेरच्यानं सोसायची आणि त्यानं एक दिवस नाही म्हणायचं, हे जुनंच आहे.)

यात वीज आली ती १८९७ साली. लंडनच्या शोरडिच भागात कचऱ्याची भट्टी आणि वीजघर एकाच आवारात बांधलं. उद्घाटनाला लॉर्ड केल्विन, म्हणजे तेव्हाचे सगळ्यात नावाजलेले शास्त्रज्ञ. उरलेल्या वाफेवर शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहाचं पाणी तापायचं. इमारतीवर लॅटिनमध्ये कोरलं होतं: धुळीतून प्रकाश आणि शक्ती. ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे सर्कशीची कला शिकवतात.

ती भट्टी चालायचं कारण नीट बघा. त्या काळी लंडनच्या घराघरात दगडी कोळसा जळायचा. चुलीतली राख कचऱ्यात पडायची आणि त्या राखेत अर्धवट जळलेला कोळसा भरपूर असायचा. म्हणजे तिथला कचरा अर्धा इंधनच होता. त्यांना जाळायला वेगळं काही लागलं नाही.

आता आपल्याकडे या.

१९८७ साली दिल्लीत तिमारपूरला भारतातला पहिला मोठा 'कचऱ्यातून वीज' प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारचा पैसा, डेन्मार्कच्या कंपनीचं तंत्रज्ञान. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॅट वीज काढायची असं ठरलं होतं. खर्च वीस कोटींच्या वर, १९८७ चे वीस कोटी. तो चालला एकवीस दिवस.

एकवीस दिवसांत यंत्र बिघडलं असं काही झालं नव्हतं. झालं एवढंच की कचरा जळेना. किलोमागे साधारण साडेचौदाशे किलोकॅलरी उष्मांक धरून भट्टी बनवली होती, आणि दिल्लीच्या गाड्यांमधून जे आलं त्याचा उष्मांक त्याच्या निम्म्याच्या आसपास. भाज्यांचे देठ, केळीच्या साली, खरकटं, माती आणि पाणी. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड हे सगळं आधीच वेचणाऱ्यांनी काढून नेलेलं. भट्टी पेटती ठेवायची तर डिझेल ओतावं लागत होतं. वीज काढायला काढला तो प्रकल्प वीज आणि इंधन खायला लागला. शेवटी बंद केला. कुणाला शिक्षा झाली असं कुठे वाचनात आलं नाही.

मी हे आपल्या डेपोवरच्या मावशीला सांगितलं. तीस वर्षं तिथे काच-पत्रा-प्लास्टिक वेचतात त्या. हसल्या. म्हणाल्या, "दादा, ते दिल्लीवाल्यांना मला विचारायचं होतं. ओलं कुठं जळतंय? आणि वाळलेलं जे जळतंय ते तर आम्ही उचलतो. ते जाळायचं म्हणजे आमचं पोटच भट्टीत घालायचं की."

सादरीकरणात तासभरात जे आलं नाही ते या दोन वाक्यांत आलं. कचऱ्यातला जो भाग चांगला जळतो तोच भाग विकला जातो. भट्टीला भूक लागते ती नेमकी वेचणाऱ्यांच्या मालाची. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून हेच सांगत आली आहे, आणि पुढे महापालिकेशी करार करून त्यांच्याच लोकांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था चालवली. २०१६ च्या घनकचरा नियमांतही शब्द स्पष्ट होते: ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याचा उष्मांक दीड हजार किलोकॅलरीच्या वर आहे असा कचरा ऊर्जेसाठी वापरायचा. आधी वेगळं करा, मग विकता येईल ते विका, आणि उरलेलं कोरडं काय ते जाळा, असा तो क्रम होता. आपल्या गावात ओला-सुका वेगळा देणारी घरं किती आहेत ते तुम्ही तुमच्या गल्लीत सकाळी साडेसातला उभं राहून मोजा. माझ्या गल्लीत चार. घंटागाडीत पडल्यावर ती चारही एक होतात ते वेगळंच.

आता धुराचं बघू.

१९७७ पर्यंत कचऱ्याच्या भट्टीचा धूर म्हणजे काजळी आणि वास एवढीच समजूत होती. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तिथल्या नगरपालिकांच्या भट्ट्यांची उडती राख तपासली आणि तिच्यात डायॉक्सिन सापडलं. डायॉक्सिन म्हणजे एकच रसायन नाही, ते मोठं कुटुंब आहे. क्लोरिन असलेलं काही जळलं, उदाहरणार्थ पीव्हीसीचे पाइप, रेक्झिन, वायरचं आवरण, की तयार होतं. ते नाकावाटे जितकं जातं त्याहून जास्त पोटावाटे जातं: धुरातून गवतावर, गवतातून गाईच्या चरबीत, तिथून दुधात. १९८९ मध्ये हे नुसत्या कागदावर राहिलं नाही. रॉटरडॅमजवळच्या लिकेबार्ट भागात गाईंच्या दुधात डायॉक्सिन इतकं निघालं की दूध विकायला बंदी आली. शेजारी कचऱ्याची मोठी भट्टी होती.

त्यानंतर युरोप खडबडून जागा झाला. नेदरलँड्स, जर्मनी आणि पुढे २००० साली अख्ख्या युरोपीय संघानं मर्यादा ठरवली: धुराच्या एका घनमीटरमध्ये ०.१ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, त्याचाही दहावा हिस्सा. आपल्याकडे २००० साली नगरपालिका कचऱ्याचे पहिले नियम आले तेव्हा भट्टीच्या धुरातल्या धुळीला मर्यादा होती, हायड्रोक्लोरिक आम्लाला होती, डायॉक्सिनचं नावही नव्हतं. ते आलं २०१६ मध्ये. आकडा तोच, ०.१. म्हणजे २००५ साली माझ्या बातमीतला प्रकल्प खरंच उभा राहिला असता तर त्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडतं हे विचारायची कायद्यात सोयच नव्हती. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराबाहेरचा चालू प्रकल्प बघायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण ज्या इंजिनिअरनं मोकळेपणानं दाखवलं त्याची नोकरी मला घालवायची नाही. आधी वजनकाटा. मग एक प्रचंड खड्डा, चारमजली इमारत मावेल एवढा. त्यात कचरा पाच-सात दिवस ठेवतात, म्हणजे पाणी निथळतं. वरून क्रेनचा पंजा तो उचलतो, ढवळतो, भट्टीत टाकतो. भट्टीतला वायू साडेआठशे अंशांच्या वर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, तर डायॉक्सिन मोडतं. पण गंमत इथे आहे की मोडलेलं डायॉक्सिन पुन्हा जुळतं. वायू थंड होताना अडीचशे ते चारशे अंशांच्या मध्ये रेंगाळला की राखेच्या कणांवर ते नव्यानं तयार होतं. म्हणून तो टप्पा झटकन ओलांडायचा, मग चुना मारायचा, कोळशाची विशेष भुकटी मारायची, आणि शेवटी कापडी पिशव्यांच्या गाळणीतून धूर काढायचा. ही भुकटी आणि या पिशव्या म्हणजे खर्च. कुणी पाहत नसेल तर वाचवायचा पहिला खर्चही हाच.

मी विचारलं, साहेब, सगळ्यात अवघड काय? म्हणाले, "पावसाळा. कचरा भिजलेला येतो, तापमान पडतं, मग बंद करा, परत पेटवा. बंद करताना आणि पेटवताना जे निघतं ते सगळ्यात वाईट." आपल्याकडे जूनमध्ये डेपोवर गाडी रुतते आणि ट्रॅक्टर लावून ओढावी लागते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तोच कचरा भट्टीत जाणार आहे.

गेटवर इलेक्ट्रॉनिक फलक होता. धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, सगळे आकडे हिरवे. मी विचारलं डायॉक्सिन कुठे आहे. तर ते या फलकावर येतच नाही. ते सतत मोजणारं यंत्र तिथे नाही. सहा ते आठ तास धुराचा नमुना घ्यायचा, मोजक्याच प्रयोगशाळांपैकी एकीकडे पाठवायचा, अहवालाची वाट बघायची. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उरलेले तीनशे साठ दिवस विश्वासावर. आणि नमुना घ्यायला येणार आहेत हे आधी कळलं तर त्या दिवशी भट्टी कोरडा कचरा खाते, हे मला तिथेच एका कामगारानं चहा पिताना सांगितलं.

अजून एक गोष्ट तिथे शिकलो, ती सांगतो, कारण उद्या आपल्याला आकडे दाखवतील तेव्हा उपयोगी पडेल. धुरात जास्तीची हवा मिसळली तर प्रत्येक घनमीटरमधलं प्रदूषण आपोआप कमी दिसतं, दुधात पाणी घातल्यासारखं. म्हणून नियम सांगतो की सगळे आकडे ११ टक्के ऑक्सिजनला जुळवून द्यायचे. अहवालात आकड्याशेजारी ऑक्सिजनची टक्केवारी लिहिली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि राख. कचरा जाळला की संपला असं नाही. जाळलेल्याचा पाचवा ते चौथा हिस्सा तळाची राख म्हणून उरतो. ती वेगळी. गाळणीत अडकलेली उडती राख मात्र थोडी असली तरी सगळं विष तिच्यात गोळा झालेलं असतं. धूर जितका स्वच्छ केला तितकी ही राख घाण. ती बंदिस्त, अस्तर घातलेल्या खड्ड्यातच गेली पाहिजे. आपल्या सादरीकरणात राखेवर एक ओळ होती: "विटा तयार करणार".

दिल्लीची गोष्ट तिमारपूरला संपली नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मर्यादित प्रायोगिक प्रकल्पांना वाट मोकळी केली. जानेवारी २०१२ मध्ये ओखल्याला १६ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, भरवस्तीत. सुखदेव विहारचे रहिवासी २००९ पासूनच कोर्टात होते, म्हणजे धुराडं उभं राहायच्या आधीपासून. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून हरित लवादाकडे गेलं. निकाल आला २ फेब्रुवारी २०१७ ला: आधीच्या उल्लंघनांसाठी २५ लाख रुपये भरपाई, देखरेखीच्या अटी, आणि प्रकल्प चालू. आठ वर्षं. त्या वर्षांत जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली. मी त्या निकालाला चूक म्हणत नाही, शहराचा कचरा कुठेतरी जायलाच हवा हेही खरं. पण एकदा धुराडं उभं राहिलं की ते पाडलं जात नाही, एवढं त्यातून समजून घ्या. जे काही विचारायचं ते आधी.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल याला विकासच नको. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचा डोंगर पेटला. १९२७ पासूनचा कचरा. कित्येक दिवस धुमसत होता, धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपला डेपोही दर उन्हाळ्यात पेटतो. उघड्यावर ढिगारा धुमसतो तेव्हा ना तापमान, ना गाळणी, ना धुराडं, सगळं विष जमिनीलगत आणि थेट वस्तीवर. चांगली चालवलेली भट्टी या धुमसण्यापेक्षा नक्की बरी. पिंपरी-चिंचवडचा मोशीचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला, साधारण तीनशे कोटींचा, वर्षाला अडीच लाख टन कचरा घेणारा. मोठ्या महापालिकेला ते झेपू शकतं, तिच्याकडे अभियंते आहेत, वकील आहेत, आणि रोज शेकडो टन कचरा आहे. आपल्या पाच गावांचा मिळून किती होतो? सादरीकरणातला आकडा मी आपल्या आणि शेजारच्या चार नगरपरिषदांच्या स्वतःच्या वार्षिक अहवालांशी ताडून पाहिला. अहवालांतली बेरीज त्याच्या निम्मीसुद्धा भरत नाही. मग उरलेला कुठून आणणार? भट्टी तर निम्मी चालत नाही. अशा करारात सहसा एक कलम असतं: नगरपरिषद रोज अमुक टन देईल, न दिल्यास दंड. ते कलम आपल्या करारात आहे का, हे कुणी सांगत नाही.

आणि आपल्याएवढ्याच, किंबहुना लहान गावानं काय केलं ते वेंगुर्ल्याला जाऊन बघा. बारा-तेरा हजारांचं गाव. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घरोघरी वेगळा कचरा घ्यायला लागले. ओल्याचं खत आणि गॅस, प्लास्टिकचा चुरा करून डांबरी रस्त्यात, बाकीचं विकून. डंपिंग ग्राउंडवर लोक फिरायला यायला लागले. तिथे कुणी धुराडं बांधलं नाही. त्याचं सगळं श्रेय एका अधिकाऱ्याला देणं बरोबर नाही, लोकांनी रोज बादल्या वेगळ्या ठेवल्या म्हणून झालं. आपल्याला तेच जड जातं, म्हणून आपल्याला यंत्र आवडतं.

त्या सभेनंतर एक नगरसेवक, मित्रच आहे माझा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, कशाला खुसपट काढतोस? पैसे केंद्राचे आहेत." १९८७ चे पण केंद्राचेच होते.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज दिला आहे. मागितलं आहे ते असं: आपल्या कचऱ्याचा उष्मांक कुणी, कधी मोजला, पावसाळ्यात मोजला का, त्याचा अहवाल. करारातलं किमान कचऱ्याचं कलम. डायॉक्सिनची तपासणी वर्षातून किती वेळा, न सांगता होणार का, आणि अहवाल नगरपरिषदेच्या फलकावर लागणार का. उडती राख कुठल्या गावात, कुठल्या गटात पुरणार. पीव्हीसी वेगळं कोण काढणार. २०१६ च्या नियमांनी क्लोरिनयुक्त प्लास्टिक जाळणं दोन वर्षांत थांबवायला सांगितलं होतं. आणि डेपोवर वेचणाऱ्या बायकांचं काय, त्यांची संख्या तरी कागदावर आहे का.

शेवटचा प्रश्न मावशींनी घालायला लावला. त्यांना मी विचारलं होतं की तुमच्या बाजूनं काय लिहू. म्हणाल्या, "आधी आम्ही किती आहोत तेवढं मोजा म्हणावं." मी मोजलं. एकवीस बायका, सहा पुरुष. हा आकडा बरोबर आहे, दोन दिवस सकाळी पाचला जाऊन मोजलाय.

अर्जाची पोच माझ्याकडे आहे, १४ तारखेची. तीस दिवस मोजतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो. पाचही गावांतल्या कुणाकडे या प्रकल्पाचा कागद असेल तर मला पाठवा, नाव गुप्त राहील.